नवजात बाळाच्या शिरेतून रक्त घेण्यासाठी कोणती सुई वापरावी?

नवी_परिचारिका: नवजात विभागात माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. बाळाच्या तळहाताच्या मागच्या शिरेतून रक्त घेताना २३ नंबरची साधी सुई वापरावी की पंखांची स्काल्प व्हेन (धरायला प्लास्टिकचे पंख आणि मागे बारीक नळी असलेली सुई), याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. नवे यंत्र घेण्याइतका निधी विभागाकडे नाही.

एनआयसीयू_संध्या: आपण शिरा दाखवणारे यंत्रच घ्यावे. आमच्याकडे ते माझ्याच पाठपुराव्यामुळे आले आणि आता गुबगुबीत बाळांच्या शिराही शोधाव्या लागत नाहीत.

ज्येष्ठ_सिस्टर: यंत्राची गरजच नाही. आम्ही पूर्वीपासून सुईचा हब (मागचा प्लास्टिकचा भाग) मोडून टाकतो, म्हणजे रक्त थेंबाथेंबाने सरळ बल्बमध्ये (नमुन्याच्या नळीत) पडते आणि गोठत नाही.

बालरोग_निवासी: सिस्टर, आपल्या अनुभवाबद्दल आदर राखूनही सांगतो की हे कोणी करू नये. हब मोडला की सुई धरायला जागा उरत नाही, ती आपल्याच बोटात शिरू शकते आणि धातूचा कण बाळाच्या शिरेत जाण्याचाही धोका असतो. हब शाबूत असतानाही थेंब पडतातच. फक्त मनगट हलके वाकवून धरावे आणि पकड मधूनमधून सैल करून शीर पुन्हा भरू द्यावी.

बल्ब_तपासनीस: विभागातून येणारे निम्मे प्रश्न हात पिळल्यामुळे निर्माण होतात. पिळल्याने तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि त्याच बाळाला पुन्हा टोचावे लागते. दुसरे म्हणजे, मागाल तेवढे रक्त काढू नका. पूर्ण दिवसांच्या ३ किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे २४० मिली रक्त असते, त्यामुळे ३ मिली काढले तरी ते एक टक्क्याहून अधिक होते. एक किलोच्या बाळाच्या बाबतीत तेच प्रमाण तिपटीच्या आसपास जाते.

टाच_बरी: इतका खटाटोप कशाला? टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला लॅन्सेट (टोचायचे छोटे पाते) लावावे, मागच्या गोलाईवर लावू नये.

बालरोग_निवासी: पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये सरावलेल्या हाताने शिरेतून रक्त घेतल्यास टाचेपेक्षा वेदना कमी होतात, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात नमूद आहे. हात सरावलेला असणे, ही त्यातली खरी अट आहे.

एका_बाळाची_आई: माझ्या बाळाला छातीशी घेऊन दूध पाजत असतानाच रक्त घेतले, तेव्हा ते क्षणभरच रडले. त्याआधी दोन ठिकाणी माझ्यापासून दूर नेऊन टोचले होते, त्याचा राग अजूनही आहे.

बालरोग_निवासी: दूध पाजणे शक्य नसेल, तर टोचण्याच्या दोन मिनिटे आधी २४ टक्के सुक्रोजचे (साखरेच्या पाण्याचे) थेंब जिभेवर द्यावेत.

एनआयसीयू_संध्या: तरीही माझे मत यंत्राच्याच बाजूने आहे.

नवी_परिचारिका: सर्वांचे आभार. मी स्काल्प व्हेनच घेणार आहे. तिच्या नळीत थोडे रक्त अडकते हे मान्य आहे, परंतु माझा हात अजून बसलेला नाही आणि पंख धरले की सुई हलत नाही. बालकांसाठी पंखांची २३ किंवा २५ नंबरची सुई वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे. दोनदा जमले नाही, तर मी तिसऱ्यांदा टोचणार नाही, दुसऱ्या सिस्टरना बोलावीन.

बल्ब_तपासनीस: मग सिरिंज एक-दोन मिलीचीच लावा आणि दट्ट्या अगदी हळू ओढा, नाहीतर शीर मिटते. बल्बवर नाव मात्र बाळाजवळच लिहावे.