मदत हवी आहे: हेलिकॉप्टरमधून ग्वाल्हेरच्या किल्ल्यासाठी कोणती लेन्स?

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. पुढच्या आठवड्यात कामानिमित्त हेलिकॉप्टरमधून जेमतेम २० मिनिटं मिळणार आहेत. दार बंद, म्हणजे काचेतूनच फोटो. मला सकाळच्या तिरप्या उन्हातली, किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याची पूर्वेकडची भिंत हवी आहे: गोल बुरूज, निळ्या फरशीची नक्षी आणि खाली सरळ तुटलेला कडा. आईला मोठी प्रिंट द्यायची आहे. आमच्या गच्चीवरून ही बाजू दिसत नाही.

बॉडी निकॉनची क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे दृश्य दीडपट जवळ येतं). २४-७० मिमी लेन्स लावली की ३६-१०५ सारखी चालेल. ७०-२०० ने किल्ल्यावरची सासबहूची देवळंही जवळ येतील, पण थरथर फार जाणवेल ना? वाइड लावली तर पाती फ्रेममध्ये येतात का?

शटर १/१००० सेकंदाच्या खाली नेणार नाही, कोपर दाराला टेकवणार नाही. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घरीच. एकदा विमानाच्या खिडकीतून वापरला तर फोटोभर रंगीत पट्टे उमटले होते. काचेत प्रतिबिंब नको म्हणून काळा शर्ट घालेन.

वर लेन्स बदलत बसायला वेळ नाही, एकच नेणार. बंद काचेतून ज्यांनी काढलेत त्यांनी कृपया सांगा, २४-७० वर उंचीवरून बुरूज पुरेसे मोठे येतात का?