मोडलेली वाट साफ करायला कधी गेलायत का? तुमचे अनुभव लिहा

काल माळ्यावरून ताडपत्री काढली तर तिच्या घडीतून आकडी निघाली. कोयता अडकवायची, कमरेला बांधतात ती लाकडाची. आणि एकदम खेडचा तो डिसेंबर आठवला. रसाळगड, सुमारगड, महिपतगड, तीन दिवस, पाठीवर बिऱ्हाड, आम्ही बारा जण. मधली रानातली वाट मोडली होती. म्हणजे रसाळगडाच्या वाडीपर्यंत गाडी जाते त्यामुळे लोक येतात, झोलाईचं दर्शन घेतात, तोफा बघतात आणि परत जातात, पुढे सुमारगडाकडे फारसं कोणी फिरकत नाही आणि माणसाचा पाय पडला नाही की दोन पावसाळ्यांत तिथे नुसती कारवी.

आम्हाला वाटलेलं झाडी तोडायची, झालं. पण बरोबर धनगरवाड्यावरचे एक मामा होते, त्यांनी पहिल्याच सकाळी माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि पहार दिली. म्हणाले, झाडी पावसात परत येनार, आधी पान्याचं बघा. वाटेवरून पाणी धावलं की वाटेचाच ओहोळ होतो, मग माणसं कडेने चालतात, मग ती कडही खचते. म्हणून उतारावर दर दहा-पंधरा पावलांवर एक लांबट दगड तिरका गाडायचा, निम्म्याच्या वर जमिनीत, आणि पाणी दरीच्या अंगाला काढून द्यायचं. एक दगड बसवायला अर्धा तास सहज. त्यावर उभं राहून उड्या मारायच्या, हलला तर परत काढायचा. तीन दिवसांत माझ्या गटाचे एकवीस दगड झाले, आकडा अजून लक्षात आहे.

पुढच्या वर्षी येते म्हटलेलं. मग बाळ, मग आईचं आजारपण, राहूनच गेलं. तुम्ही लिहा. गड, घाटवाट, गावची पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट), काहीही चालेल.

कातळावरचा: खाजकुयली. जानेवारीत शेंगा वाळलेल्या, पुढच्याने वेल ओढला आणि वारा आमच्याकडे. बाकी काही आठवत नाही त्या मोहिमेतलं.

मालवणी काकू: अरे बाबा शेण चोळूचा आणि सुकला की धुवचा, आमच्याकडे हाच करतत

चिपळूणची: काकू खरचटलं असेल तर शेण नको हो, धनुर्वाताची भीती. चिकटपट्टी लावून ओढायची, कुसळं निघतात. आणि चोळायचं अजिबात नाही.

मालवणी काकू: ह्या पण बरोबर तुझा 🙏

पऱ्याकाठी: आम्ही कुठे मोहिमेला वगैरे गेलो नाही, पण गावची पाखाडी दरवर्षी मे महिन्यात साफ करायचो, चाकरमानी आले की घरटी एक माणूस. रस्ता झाल्यावर ते बंद पडलं. २०२१ ला मात्र वडील हट्टाला पेटले, आम्ही सहा जणांनीच केली, ढासळलेले चिरे परत बसवले, रानमोडी मुळासकट उपटली. २२ जुलैला तो पाऊस झाला. त्याच दिवशी तिकडे महाडजवळ तळिये, आपल्या खेड तालुक्यात पोसरे, दरडी कोसळल्या, सगळ्यांना माहीतच आहे. आमच्याकडे माणसं वाचली पण साकव गेला, रस्ता खचला आणि आजीला दम लागलेला. तिला खुर्चीला बांबू बांधून पाखाडीनेच खाली नेली. चार पुरुष आलटून पालटून, पायाखाली पाणी, पण एक चिरा हलला नाही. आजी त्यानंतर दोन वर्षं होती. अजून लिहिताना हात थरथरतोय.

धागाकर्ती: वाचून अंगावर काटा आला. वडिलांना नमस्कार सांगा.

चिपळूणची: २२ जुलै म्हटलं की मला घरातलं पाणीच आठवतं. पहिला मजला... जाऊ दे. आजी गेल्या नाहीत त्या दिवशी, बरं वाटलं.

महाडकर: दगड उचलणाऱ्यांनी एक कराच. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खालून जे निघेल ते समोर जाईल, दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. माझ्या मित्राने अलीकडून उचलला आणि लाल विंचू. दहा मिनिटांत घामाने निथळला, हातपाय गार. ताबडतोब खाली नेला, डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं, रात्रीपर्यंत बोलायला लागला. हे औषध विंचवाच्या विषावर चालतं हे आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. आमच्या आजोबांच्या वेळी विंचू चावून पोरं दगावायची. गावात त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात.

कातळावरचा: आणि कातळावर फुरसं. बूट घालूनच जा, सँडल नको.

बांद्याहून: दोडामार्गाकडे रानात काम करणार असाल तर गोचिडांचं बघा. २०१६ ला माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत जायला माणसं घाबरायची. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात कळवा. संध्याकाळी कपडे गरम पाण्यात.

गडवाट: परवानगीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रानातून वाट असेल तर वनखातं, संरक्षित गड असेल तर पुरातत्त्व. आणि घडीव दगड, वीरगळ, मूर्ती काही सापडलं तर जागेवरून हलवू नका, फोटो काढा आणि कळवा. मी एके ठिकाणी पायऱ्यांना सिमेंट मारलेलं बघितलं, प्रेमापोटीच केलं असणार, पण जुनं काम कायमचं झाकलं गेलं. फार वाईट वाटतं.

भाकरीवाला: जेवायला काय नेता तुम्ही लोक? आम्ही तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुकट. पिठी दहा मिनिटांत होते.

मालवणी काकू: सुकटीचो वास रानात? मांजरा येतील रे 😀

भाकरीवाला: काकू घट्ट झाकणाचा डबा!

वाडी बेलदारचा पाव्हणा: ताई, गेल्या हिवाळ्यात महिपतगडाकडून उलटे आलो होतो. सुमारगडाच्या अलीकडे कारवीत दोन तास फिरलो, वाट सापडली नाही, पाणी संपलं म्हणून परत गेलो. तुमचे दगड नक्की कुठल्या बाजूला?

धागाकर्ती: तुम्ही बहुतेक आमच्या दगडांपर्यंत पोचायच्या आधीच परत फिरलात. दगड रसाळगडाच्या बाजूला आहेत, धनगरवाडा सोडला की रानातल्या चढावर. टाक्यातलं पाणी तेव्हा आम्ही उकळून प्यायलो होतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाणार असाल तर सांगा. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, पहार नाही पण घमेलं उचलेल.

वाडी बेलदारचा पाव्हणा: आम्ही पाच जण आहोत. कोयते आहेत, पहार एकच.

पऱ्याकाठी: पहार माझ्याकडे दोन आहेत. खेड स्टँडवर किती वाजता?