मदत हवी आहे: वीसपर्यंत मोजते, पण "पाच दे" म्हटलं की मूठभर देते

नमस्कार. आम्ही कराडला असतो. मुलगी साडेपाच वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. कळलं ती अडीच वर्षांची झाल्यावर; तोवर घरचे "हिचा बापही उशिराच बोलला" म्हणत राहिले. साडेतीनला कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं. आता बऱ्यापैकी बोलते.

अडलंय ते आकड्यांपाशी. एक ते वीस घडाघडा म्हणते, पण चिंचोके पुढ्यात ठेवून "पाच दे" म्हटलं की मूठभर देते. दोनपर्यंत बरोबर, तीनला कधीमधी. मोजून झाल्यावर "मग किती?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. सात आणि साठ तर ओठांवर सारखेच दिसतात. शाळा म्हणते, गणितात कच्ची आहे. मला पटत नाही. लाडू वाटताना ही एकालाही विसरत नाही.

थेरपीत बजावलंय, खुणा करू नका, बोलणं मागे पडेल. पण ओळखीच्या एका कर्णबधिर जोडप्याची चार वर्षांची मुलगी, तीही कर्णबधिर, हातांनी मोजून नेमके सात चिंचोके काढून देते. ते बघितल्यापासून झोप उडालीय. खुणांनी मोजायला शिकवू का? कुणाचा अनुभव?

प्रतिसाद:
ताई, मी कर्णबधिर मुलांना शिकवते. "कच्ची" वगैरे आधी डोक्यातून काढा. ऐकणारी मुलंही आधी "एक" शिकतात, काही महिन्यांनी "दोन", मग "तीन". शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे चौथ्या वर्षाच्या आसपास उमगतं. तुमच्या लेकीला भाषाच साडेतीनला मिळाली, तिथून तिचं वय धरा. त्या जोडप्याच्या मुलीला खुणांची भाषा पहिल्या दिवसापासून मिळाली.

निकाराग्वात घरच्या घरी जुळवलेल्या खुणांवरच वाढलेल्या कर्णबधिर प्रौढांचा अभ्यास 2011 मध्ये आला. कामधंदा करणारी, पैसे हाताळणारी माणसं, पण तीनच्या पुढे नेमकेपणा सुटायचा. अक्कल होती, आकड्यांची नावं मिळाली नव्हती.

खुणांमुळे बोलणं मागे पडलेलं माझ्या वर्गात तरी मी पाहिलं नाही. वीसपर्यंतचं पाठांतर थोडं बाजूला ठेवा, तीनवर थांबा. तीन चिंचोके मोजा, तीनची खूण करा आणि तोच हात सगळ्या ढिगावरून फिरवा. रोज, जेवतानाही: तीन चपात्या, तीन वाट्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. पण त्याहून बरं म्हणजे त्या जोडप्याकडे जात राहा.

धागाकर्ती:
रविवारी चिंचोके घेऊनच जाते त्यांच्याकडे. पण पाहुणचाराच्या गप्पा मारायला मलाच खुणा येत नाहीत. आधी माझी शिकवणी लावते.