सातारा-सांगलीसाठी पाणी, माती, जंगलाचं सामायिक संदर्भ ग्रंथालय: आधीचा दाखला काय, कामाला हात कुठून घालायचा?

कृष्णाकाठ_कराड (प्रश्न)

राम राम मंडळी. कराड परिसरातल्या पाच संस्थांनी आपापले कागद एका खोलीत आणायचं ठरवलंय. एका पाणी वापर संस्थेकडे कालव्यांचे नकाशे आणि आवर्तनांच्या वह्या आहेत. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे प्रबंध आणि वाळवलेले नमुने, कारखान्याच्या ऊसविकास विभागाकडे माती परीक्षणाची रजिस्टरं, निसर्ग मंडळाकडे पक्ष्यांच्या नोंदी. शिवाय निवृत्त अभियंत्यांच्या घरून आलेले पाटबंधाऱ्याचे अहवाल. एकूण २,००० च्या आसपास अहवाल, ३०० नकाशे. खोली १८ बाय २४ फूट, पहिल्या मजल्यावर.

अनेक संस्थांचं मिळून असं एक ग्रंथालय कुठं उभं राहून टिकलंय का? मालकी कुणाची ठेवायची? मांडणी तालुक्यानुसार करावी की विषयानुसार? दोन संस्था म्हणतात, आधी सगळं स्कॅन करून टाकू, यादी मागाहून. हे बरोबर आहे का?

दप्तरदार

टिकलंय. तुमच्या कामाला सगळ्यात जवळचा दाखला अलास्कातला आहे. अँकरेज शहरात जमीन, वन्यजीव, राष्ट्रीय उद्यानं, खनिजं अशी वेगवेगळी सरकारी खाती आणि विद्यापीठ यांची स्वतंत्र ग्रंथालयं होती. नव्वदच्या दशकात पैसा आटला आणि एकेक ग्रंथालय बंद पडायची वेळ आली. तेव्हा १९९७ मध्ये आठ ग्रंथालयं एकत्र करून एकच उभं केलं. त्याचं नाव आर्लिस. केंद्राची खाती, राज्याचं खातं आणि विद्यापीठ असे तिन्ही थर त्यात आहेत. २००४ मध्ये ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत गेलं, आणि ते सर्वांसाठी खुलं आहे.

त्या आठांतलं एक तेलगळतीच्या माहितीचं केंद्र होतं. मार्च १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. त्यानंतरच्या अभ्यासांचा आणि खटल्याच्या कागदांचा ढीग लोकांना बघता यावा म्हणून ते केंद्र निघालं होतं. घटनेपुरतं काढलेलं केंद्र घटना विसरली गेली की बंद पडतं. मोठ्या ग्रंथालयात विलीन झालं म्हणून ते कागद वाचले. तुमच्याकडे २०१९ च्या महापुरावर जे काही जमलं असेल त्याला हे तंतोतंत लागू आहे.

त्याहून मोलाचा दाखला सुसित्ना नदीवरच्या धरणाचा. ऐंशीच्या दशकात त्याचा प्रचंड अभ्यास झाला: मासे, गाळ, बर्फ, नदीचा प्रवाह. मग प्रकल्प गुंडाळला गेला आणि अहवाल निरुपयोगी ठरले. पंचवीसेक वर्षांनी प्रकल्प पुन्हा टेबलावर आला, तेव्हा तेच जुने अहवाल शोधून, क्रमाने लावून, स्कॅन करून द्यावे लागले. जुनं मोजमाप पुन्हा करता येत नाही. १९८३ साली नदीत किती मासे होते हे आज कितीही खर्च केला तरी मोजता येणार नाही. म्हणून रद्द झालेल्या योजनेचा अहवाल कृपा करून रद्दीत घालू नका. उलट त्याला पहिला मान द्या, कारण त्याची दुसरी प्रत कुणी जपलेली नसते.

आता मालकी. प्रत्येक संस्थेचा कागद त्या संस्थेचाच राहू द्या. कायमचं दान मागितलंत तर निम्मे लोक मागं सरतील आणि उरलेले नको असलेलं तेवढं देतील. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहा. कागद मुदतीच्या ठेवीवर आहे, किमान दहा वर्षं. परत न्यायचा तर सहा महिने आधी कळवायचं आणि स्कॅन प्रत इथंच राहील. एकाच अहवालाच्या तीन प्रती आल्या तर दोन ठेवायच्या, पण ज्या प्रतीवर पेन्सिलीने आकडे दुरुस्त केलेत ती काही झालं तरी काढायची नाही. आणि भाडं, वीज, माणसाचा पगार यांतला वाटा कोण, किती, कोणत्या महिन्यात देणार. शेवटचं कलम मोघम राहिलं की तिसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लागतं.

नवा ट्रस्ट काढायची घाई नको. चालू असलेल्या एखाद्या ग्रंथालयाच्या छपराखाली सुरुवात करा. मात्र ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेतलेलं असेल तर तुमची दाखल नोंदवही वेगळी ठेवा. त्यांच्या नोंदवहीत एकदा क्रमांक पडला की तो कागद त्यांची मालमत्ता म्हणून तपासणीत मोजला जाईल, आणि परत काढताना निर्लेखनाची (नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची) सगळी प्रक्रिया मागं लागेल.

येरळामाई

मांडणीबद्दल लिहितो. तालुक्यानुसार लावू नका, आपल्या भागात तर अजिबात नको.

कारण सरळ आहे, इथल्या सीमा सारख्या हलल्यात. १८८५ चं सातारा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) उघडलं तर त्यात वाळवा, तासगाव, शिराळा सापडतात, कारण सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. राज्य सरकारचं साताऱ्याचं गॅझेटियर १९६३ चं, सांगलीचं १९६९ चं. आटपाडी औंध संस्थानात होतं, म्हणून तिथल्या जुन्या विहिरी-तलावांच्या नोंदी इंग्रजी मुलखाच्या दप्तरात शोधून मिळत नाहीत. फलटण, जत, मिरज, सांगली यांचंही तसंच. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अलीकडचे.

नदी मात्र हलत नाही. माणगंगा साताऱ्यातल्या माणमधून सांगलीतल्या आटपाडीत जाते, पुढं सांगोल्यातून भीमेला मिळते. येरळा कृष्णेला मिळते. एकाच दुष्काळी पट्ट्याचे दोन अहवाल दोन जिल्ह्यांच्या कपाटांत पडले तर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळणार. म्हणून नोंदीत पहिला रकाना खोऱ्याचा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण खात्याने राज्याचे १,५३१ पाणलोट पाडून त्यांना क्रमांक दिलेत (कृष्णेचे केआर, भीमेचे बीएम), तेच वापरा. स्वतःचे नवे क्रमांक काढलेत तर ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाहीत.

गावाच्या नावापुढं २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गाव क्रमांक हवाच. कोयना, वारणा, धोम, कण्हेर या धरणांतून उठलेली गावं दुसरीकडं वसली ती बऱ्याचदा जुनंच नाव घेऊन. १९५८ च्या अहवालातलं गाव आणि आजचं त्याच नावाचं गाव यांत शंभर-दीडशे किलोमीटरचं अंतर असू शकतं. बुडालेल्या गावाला आजचा क्रमांक देऊ नका. त्याला 'जुने गावठाण, बुडीत' अशी वेगळी नोंद द्या आणि जुन्या टोपोशीटचा (भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशाचा) क्रमांक लिहा. सातारा शहराच्या पश्चिमेचा भाग ४७ जी मध्ये येतो, पूर्वेचा ४७ के मध्ये, सांगली-मिरज ४७ एल मध्ये, जत ४७ ओ मध्ये. नव्या नकाशांचे क्रमांक निराळ्या पद्धतीचे आहेत, पण १९९० पर्यंतचे बहुतेक सगळे अहवाल जुनाच क्रमांक देतात. दोन्हींना रकाने ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ सर्व्हे नंबरचा होतो. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले आणि जुन्या माती पाहणीतला 'स. नं. ११२' आजच्या सातबाऱ्यावर सापडेनासा झाला. त्या गावाच्या एकत्रीकरण योजनेच्या पत्रकाची नक्कल काढून अहवालासोबतच ठेवा. नाहीतर त्या मातीचे आकडे कोणत्या शेताचे हेच कळत नाही.

विहिरींच्या पाणीपातळीच्या वह्या असतील तर आणखी एक बघा: माप जमिनीपासून घेतलंय की कठड्यापासून? भूजल सर्वेक्षणाच्या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळच्या असतात आणि जमिनीपासून खाली मोजलेल्या. खासगी वह्यांत कठड्यापासून दोरी सोडून मोजलेलं असतं, तेही फुटांत. अडीच फुटांचा कठडा मध्येच कधी बांधला गेला तर त्या वर्षी पाणी अडीच फूट खाली गेल्यासारखं दिसतं. नोंदीत 'मापाचा आरंभबिंदू' असा रकाना ठेवा. कळत नसेल तर 'अज्ञात' लिहा, अंदाज लिहू नका.

कृष्णाकाठ_कराड

खूप उपयोगी. पण मग कपाटात प्रत्यक्ष लावायचं कसं? खोऱ्यानुसार?

येरळामाई

नाही. कपाटात नुसत्या चढत्या क्रमांकाने आणि आकाराने लावा. कोयनेचा एक अहवाल घ्या: धरण, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, पुनर्वसन आणि अभयारण्य हे चारही विषय त्यात असतात. कुठल्याही एका कपाटात ठेवला तरी तीन वाचकांना तो सापडणार नाही. विषय यादीत चार वेळा लिहिता येतो, कागद एकाच जागी बसतो. क्रमांकाआधी संस्थेचं अक्षर लावा, 'पा-०४१७' असं, म्हणजे मालकीही कळते. यादी कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत करा, फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं. माणूस नसेल तर सुरुवातीला साधी स्प्रेडशीट चालेल, फक्त एका रकान्यात एकच गोष्ट.

आणि पाहणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष हे दोन रकाने वेगळे. १९७२ च्या दुष्काळातली पाहणी १९७६ ला छापली गेली असेल तर ७६ च्या नावावर तिचा अर्थच बदलतो.

दप्तरदार

'आधी स्कॅन' या मताला माझा विरोध आहे. यादी नसताना केलेलं स्कॅनिंग म्हणजे 'स्कॅन००४७' अशा नावांच्या हजारो फाइली, ज्या कुणी उघडत नाही. आधी सगळ्याची एकओळी यादी, मग दुर्मीळ आणि मोडकळीला आलेलं तेवढंच स्कॅन. मोडी नोंदी निघाल्या तर त्या वेगळ्या काढा, वाचणारा मिळेपर्यंत चांगल्या प्रतीचं स्कॅन आणि गावाचं नाव एवढं पुरे.

हिशोब करून बघा. ए-४ पान रंगीत ३०० डीपीआयवर, न दाबलेल्या टिफ फाइलीत, सुमारे २६ एमबी होतं. तुमच्या २,००० अहवालांची एक लाख पानं धरली तर अडीच टीबीच्या वर. ए-१ नकाशा ४०० डीपीआयवर पावणेचारशे एमबी. मूळ टिफ दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक कराडबाहेर, वाचायला पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपणुकीसाठीचा पीडीएफ प्रकार). कृष्णधवल मोडमध्ये स्कॅन करू नका, पेन्सिलीच्या नोंदी आणि फिकट शिक्के त्यात नाहीसे होतात.

लोकांना खुलं करताना कायदाही बघा. सरकारी प्रकाशनावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. विधिमंडळापुढं ठेवलेल्या समित्यांच्या अहवालांना त्यातून सूट आहे, सरकारने मनाई केली नसेल तर. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला गेला आणि लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर. म्हणून जे खुलं झालंय त्याची छापील प्रत काढून ठेवा, संकेतस्थळं बदलतात. उलट, जैवविविधता नोंदवहीतल्या औषधी वनस्पतींच्या नेमक्या जागा आणि वैदूंनी सांगितलेले उपयोग जाहीर यादीत घालू नका. ते गावाच्या जैवविविधता समितीच्या परवानगीनेच दाखवावेत.

कागदजपणूक_मिरज

पहिला मजला चांगला, पण कराड-सांगलीत पाण्याचा विचार आधी करा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिवाय खोलीच्या बाबतीत नुकसान बहुधा वरून होतं: गळकं छत, वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर.

५० अहवालांना एक मीटर फळी धरा. २,००० ला ४० मीटर. सहा फळ्यांचा ९० सेंटिमीटर रुंद रॅक ५.४ मीटर देतो, म्हणजे ८ रॅक, वाढीसाठी आणखी ३-४. भरलेला रॅक दीड-दोनशे किलोचा होतो, तेव्हा ते भिंतीकडेनं तुळईवर येतील असे लावा. पण भिंतीला चिकटवू नका, १५ सेंटिमीटर अंतर सोडा, सर्वांत खालची फळी जमिनीपासून तेवढीच वर. नकाशे आडव्या खणांत, एका खणात १५-२०.

पाटबंधाऱ्याचे जुने नकाशे दोन जातींचे निघतील. निळ्या-जांभळ्या रेघांचे अमोनिया प्रिंट उजेडात उडून जातात आणि शेजारच्या कागदावर डाग पाडतात. ते वेगळ्या पाकिटात, आणि स्कॅनिंगला सगळ्यात आधी. दुसरे ट्रेसिंग कापडावरचे. त्या कापडाला खळ असते, पाणी लागलं की चिकट लगदा होतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही टाळा. टेप पिवळी पडते आणि अक्षर घेऊन सुटते.

वनस्पतींच्या जुन्या नमुन्यांबद्दल सावधगिरी हवी. पूर्वी किडीसाठी त्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. ते पाऱ्याचं विष कागदावर वर्षानुवर्षं राहतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ते कपाट वाचकांच्या बसायच्या जागेपासून लांब. नवे नमुने आत घेण्याआधी प्लॅस्टिक पिशवीत बंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतली ओल नमुन्यावर बसते.

आणि कागद भिजलाच, तर तुमच्या हातात ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी धरते. चिंब भिजलेलं पुस्तक उघडू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि शाई उडते. थोडं भिजलेलं असेल तर पंख्याखाली उभं करून दर २०-२५ पानांत कोरा शोषकागद घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. गुळगुळीत कागदाचे अहवाल वाळताना एकमेकांना कायमचे चिकटतात, ते ओले असतानाच गोठवावे लागतात. सांगली-तासगावात बेदाण्याची शीतगृहं आहेत, पण ती शून्याच्या वरच्या तापमानाला चालतात. तिथं बुरशी मंदावते, थांबत नाही. उणे १८ अंश आइस्क्रीम किंवा गोठवलेल्या मालाच्या गोदामात मिळतात. अशा एका गोदामाशी मे महिन्यातच बोलून ठेवा, आणि त्यांचा नंबर खोलीच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा. आत लावलात तर पूर आल्यावर तिथवर पोचता येणार नाही.

कृष्णाकाठ_कराड

सर्वांचे मनापासून आभार. एकओळी यादीपासून सुरुवात करतो, अमोनिया प्रिंट पहिल्या आठवड्यात वेगळे काढतो. कराराचा मसुदा झाला की इथंच टाकेन, दप्तरदार, खर्चाच्या कलमावर तुमची नजर हवी आहे.