मदत हवी आहे: मुलाला दोन-तीन तास सांभाळणारं विश्वासाचं माणूस कुठे शोधू?

सायली_पी
आठवड्यातून दोनदा, दोन-तीन तास मुलाजवळ थांबेल असं माणूस हवंय. पाळणाघरवाले सरळ नाही म्हणतात, एक बाई लावल्या होत्या त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी "मला नाही जमणार ताई" म्हणून गेल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्याच्यामागे धावणं त्यांना झेपत नाही. हा मध्यरात्री उठतो तो सकाळपर्यंत जागा, मग मीही जागी आणि दिवसा परत शाळा, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, घर. माझं बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणतात झोप घ्या. कधी घेऊ? त्यात गणपती तोंडावर आलेत आणि मागच्या मैदानात ढोल पथकाचा सराव सुरू झालाय. प्लीज मेडिटेशन करा असं सांगू नका, मला माणूस हवंय. लवकर सांगा.

केदार७७
शहर कुठलं? मुलाचं वय? निदान काय आहे, बोलतो का? यातलं काहीच लिहिलं नाहीये, काय सांगणार?

मृणालआजी
बाळा, आधी मोबाईल बंद कर त्याचा. आणि ब्राह्मी सुरू कर, माझ्या भाच्याच्या मुलाला खूप फरक पडला. आमच्या वेळी असली निदानं नव्हती, मुलं आपोआप सुधारायची.

सायली_पी
आजी, मोबाईलबद्दल मी विचारलंच नाहीये.
केदार, सॉरी, घाईत लिहिलं. पिंपरीजवळ राहतो, वय 9, ऑटिझम (स्वमग्नता) आणि सोबत एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता. पाणी, चल, नको एवढंच बोलतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, ढोल अजिबात सहन होत नाही, कान दाबून भिंतीला डोकं आपटतो. त्या बाई तेच बघून घाबरल्या.

ग्रीनलीफ
गहू आणि दूध पूर्ण बंद करा, तीन महिन्यात झोप सुधारते. आमच्या ग्रुपमध्ये कित्येकांना अनुभव आहे.

डॉ_निमा
ग्रीनलीफ, असं सरसकट सांगू नका. या डाएटने ऑटिझममध्ये फरक पडतो याला ठोस पुरावा नाही, आणि यातली बरीच मुलं मुळात चार-पाचच पदार्थ खातात, त्यातलं दूध काढलं तर खाणार काय? सायली, रात्री उठण्यामागे बद्धकोष्ठता किंवा आयर्नची कमतरता आहे का ते बघायला सांगा, फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, साधी रक्ततपासणी असते. झोपेसाठी मेलाटोनिन काही मुलांना देतात पण ते डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनने (मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरने) ठरवायचं, दुकानातून आणून नाही.

ग्रीनलीफ
पुरावा नाही म्हणजे फरक पडत नाही असं होत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

केदार७७
ताईंनी डाएट विचारलेलं नाही हो.

अन्वयची_आई
सायली, माझा मुलगा 12 वर्षांचा आहे, आम्ही मुंबईत. पाळणाघर आणि कामवाल्या बायका, दोन्ही सोडून दे. स्पेशल एज्युकेशनचं डी.एड. किंवा बी.एड. करणारी मुलंमुली शोध, थेरपी सेंटरवर विचारलं की नंबर मिळतात. त्यांना अनुभव हवा असतो आणि ती घाबरून पळत नाहीत. फक्त पहिल्या दिवशी मूल सोपवून बाहेर पडू नकोस. सुरुवातीला तू घरातच पण दुसऱ्या खोलीत, मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग बाहेर.
फ्रीजवर एक कागद लाव. आमच्याकडे असं लिहिलंय: कुकर लावायचा नाही. मिक्सरच्या आधी हेडफोन, त्याला दाखवून. कान दाबायला लागला की बोलायचं नाही, हात धरायचा नाही, दिवा घालवायचा, डोक्यामागे उशी सरकवायची, जवळ जमिनीवर बसायचं. पाणी नंतर, लगेच नाही. बाजूला फोटोंची पट्टी: ताई, खाऊ, झोका, आई. आई परत येणार हे त्याला चित्रात दिसलं की निम्मं काम होतं. त्या बाईंना यातलं कोणी सांगितलं होतं का? त्या कशा टिकणार?
आणि ते दोन-तीन तास मिळाले की बँकेची कामं काढू नकोस. झोप. तू आडवी पडलीस तर त्याचं सगळंच अडेल.

वसंत_डी
सरकारी नोकरीत आहात का? केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा असते, अपंग मुलासाठी वयाची अटही नाही. अपंग मुलासाठी आयकरात 75,000 ची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 1,25,000. नव्या कररचनेत नाही मिळत, जुनीच घ्यावी लागते.

सायली_पी
नोकरी सोडलीये काका. वजावटीचं मिस्टरांना सांगते.
अन्वयची आई, कागद आजच लिहिते. त्या बाईंना मी फक्त "थोडा चिडतो" एवढंच सांगितलं होतं.

पथकवाला
मी पथकात वाजवतो. सराव रोज ठरलेल्या वेळीच असतो, प्रमुखाला प्रत्यक्ष भेटा, वेळापत्रक देतील. त्या वेळेला मुलाला फिरायला नेता येईल, किंवा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सरका असंही सांगता येतं. आम्ही एकदा असं केलंय.

शिवनेरी
आता एकेका घरासाठी सण बंद करायचे का?

पथकवाला
बंद कोण म्हणतंय? पन्नास पावलं सरकायला आमचं काय जातं? गावात आपलीच पोरं आहेत.

केदार७७
ताई, बाबा कुठे आहेत या सगळ्यात?

सायली_पी
कंपनीत शिफ्ट असते, आठवड्याआड नाइट.

अन्वयची_आई
मग डे शिफ्टच्या आठवड्यात निदान दोन रात्री त्यांच्या. तू वेगळ्या खोलीत, दार लावून, मूल उठलं तरी बाहेर यायचं नाही. आमच्याकडे यावरून भांडणं झाली, पण आता तेच चालू आहे. यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) काढलंयस का? ऑटिझमचं सर्टिफिकेट असेल तर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना मिळते, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर, त्यात ओपीडी थेरपीचाही काही खर्च येतो. नुसत्या एडीएचडीवर नाही मिळत, ऑटिझम लिहिलेलं हवं.

सायली_पी
कार्ड नाहीये, रिपोर्ट प्रायव्हेटचा आहे. तो चालतो का?

डॉ_निमा
प्रायव्हेट रिपोर्ट सोबत न्या, पण सर्टिफिकेट सरकारी दवाखान्यातून घ्यावं लागेल. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तिथे केंद्र निवडता येतं. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर थांबावं लागतं तेव्हा हेडफोन आणि खाऊ बरोबर ठेवा. आधी विचारून कमी गर्दीची वेळ मागा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) असते तिथे थेरपीही मोफत असते, त्याच फेरीत चौकशी करून या.

सायली_पी
उद्या अर्ज भरते. स्पीच सेंटरच्या मॅडमना डी.एड.वाल्या मुलींचं विचारलं, शनिवारी एक येतेय बघायला. पहिल्या दिवशी तिला किती वेळ थांबवू, तासभर की त्याहून कमी?