'बटरफ्लाय बॅट'ला काय म्हणाल?

अनुस्वार:
मुलांच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. आफ्रिकेतल्या रानांत 'बटरफ्लाय बॅट' म्हणून छोट्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांचा गट आहे. फुलपाखरासारखी भिरभिरत उडतात म्हणून हे नाव. मी 'पाकोळी' लिहिलं. संपादकांनी खोडलं: पाकोळी हा पक्षी, 'वटवाघूळ' लिहा. पण माझ्या आजीच्या बोलण्यात वडावर लटकतं ते वटवाघूळ आणि गोठ्याच्या आढ्याला असते ती पाकोळी. माझं चुकलं का?

सुपारीबाग:
अजिबात नाही. आमच्याकडे दिवेलागणीला पाकोळी घरात शिरली की आई आधी पंखा बंद करायची, मग दिवा मालवून दार सताड उघडायची. मुठीत मावेल एवढासा जीव. त्याला वटवाघूळ कसं म्हणवेल?

रानवाट:
संपादकांचंही खरं आहे. स्विफ्ट पक्ष्याला मराठीत पाकोळीच म्हणतात. दोघी हवेत किडे टिपतात, म्हणून नाव एक पडलं असेल. पण मुलांच्या पुस्तकात गोंधळ नको.

तत्सम:
संस्कृतात 'जतुका' आहे, तो घ्या. वाघूळसुद्धा 'वाग्गुद'वरूनच आलं असावं. गूळ चोरणारा पुढच्या जन्मी वाग्गुद होतो, असं मनुस्मृतीत आहे.

सुपारीबाग:
'द'चा 'ळ' कसा झाला ते सांगा आधी. आणि दहा वर्षांच्या मुलाला जतुका काय कळणार? पाख म्हणजे पंख. पाखरू, पाकळी, पाकोळी सगळी त्याच घरातली. फुलपाखरू त्या शब्दात आलंच की!

अनुस्वार:
हे फार आवडलं. तत्सम, शास्त्रज्ञही बोलीकडे जातात हो. याच गटात धरलेली एक जात होती: काळं अंग, त्यावर सायीच्या रंगाचे ठिपके नि पट्टे. १९३९ साली बेल्जियन काँगोतून तिची नोंद झाली. पुढे दक्षिण सुदानात एक नमुना मिळाला, तेव्हा ती या गटात बसत नाही असं दिसलं. २०१३ मध्ये तिच्यासाठी नवी प्रजाती केली, नाव 'निउम्बाहा'. तिथल्या झांडे भाषेत याचा अर्थ दुर्मिळ.

तत्सम:
झांडे त्यांची बोली, संस्कृत आपली. आपण आपल्या मुळाकडे जायचं.

सुपारीबाग:
माझं मूळ गोठ्यात आहे.

रानवाट:
'पाकोळी-वाघूळ' असा जोडशब्द चालेल? आणि अनुस्वार, तुम्ही 'वटवाघळांचा' लिहिलंय. आम्ही 'वटवाघुळांचा' म्हणतो.

तत्सम:
'वाघळांचा'च बरोबर. तांदूळ, तांदळाचा.

सुपारीबाग:
मग कापूस, कापसाचा तसंच ना? पण आमच्याकडे सगळे वाघुळंच म्हणतात.