२८ तारखेची वाइन: बाटली व्हीगन आहे का?

प्रेषक: शमा
विषय: २८ तारखेची वाइन: बाटली व्हीगन आहे का?

मंडळी,
२८ डिसेंबरला कोकणात सुहासच्या मावशींकडे आपलं जेवण आणि वाइन चाखणं आहे. सुहास उद्या सकाळी नाशिकला बाटल्यांची यादी कळवणार आहे, त्यामुळे आज रात्रीच ठरायला हवं. माणसं ३४, पिणारी २६, व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच न घेणारी) ७. जेवणाचं मावशींनी अंगावर घेतलंय, तिकडे बघायला नको. अडलंय ते बाटल्यांवर. जर्मनीत मोझेलच्या वाइनसहलीला प्रत्येक बाटलीच्या पाठीवर खूण होती म्हणून कुणाला विचारायची वेळच आली नाही. इथे सुहासने पाठवलेल्या पाच फोटोंपैकी एकाच लेबलवर तसं काही लिहिलेलं दिसतंय. बाकी चार कशाने नितळ केल्यात?
कुणाला खात्रीने माहीत असेल त्यानेच लिहा. मेनू बंद झालाय, त्यावर लिहू नका.
शमा

प्रेषक: अनघा
विषय: पुन्हा: २८ तारखेची वाइन: बाटली व्हीगन आहे का?

मेनू बंद कोणी केला? मला शेवटची मेल आली त्यात ओल्या काजूची उसळ होती, आता सुहासच्या कागदावर ती नाही. दिवाळी फराळाचं सहा वर्षं मी बघतेय, निदान एक फोन करायचा.
आणि उकडीच्या मोदकावर तूप नाही घालायचं तर मोदक करूच नका. कोरडा मोदक पाहुण्यांसमोर ठेवणं मला जमणार नाही.
अनघा

प्रेषक: सुहास
विषय: पुन्हा: पुन्हा: २८ तारखेची वाइन

अनघाताई, डिसेंबरात ओले काजू? इथे झाडांना आत्ता कुठे मोहर धरतोय. ओला काजू शिमग्याच्या आसपास. आत्ता मिळतील ते करांदे, कणगी, सुरण, लाल माठ, मुळा आणि नवा तांदूळ.
मावशीला व्हीगन म्हणजे काय ते समजावताना माझी दमछाक झाली. आधी म्हणाली, सोवळ्यातलं का? मग म्हणाली, उपासाचं का? दूध, दही, तूप, मध काही नको म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मगे नारळ आसा मां?" तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला. सुरणाचे काप, अळूवडी, काळ्या वाटाण्याचं सांबार नि आंबोळी, खतखतं (मिश्र भाज्यांचं), भात, सोलकढी, शेवटी शिरवाळ्या (गोड नारळरसातल्या तांदळाच्या शेवया). यातल्या एकाही पदार्थात तिला काही बदलावं लागलेलं नाही. आंबोळीचा तवा ती कांद्याच्या फोडीने तेल लावून पुसते. मोदक यादीत नव्हतेच, ते कुठून आले मला माहीत नाही.
वाइनचं मला विचारू नका, मी बिअरवाला.
सुहास

प्रेषक: निखिल
विषय: पुन्हा: बाटली व्हीगन आहे का?

शमा, हा मुद्दा आपण मोझेलच्या बसमध्येही उगाळला होता. ताजी वाइन गढूळ असते. नुसती ठेवून दिली तरी निवळते, पण वेळ लागतो. घाई असेल तर त्यात असं काहीतरी घालतात की गढूळपणा त्याला चिकटून तळाशी बसतो. अंड्याचा पांढरा बलक (लाल वाइनचा तुरटपणा कमी करायला), दुधातलं केसिन, जिलेटिन, आयझिंग्लास, किंवा बेंटोनाइट म्हणजे चक्क माती. हल्ली वाटाण्याचं आणि बटाट्याचं प्रथिनही वापरतात. नंतर हा साका मागे ठेवून वरची वाइन काढून घेतात, गाळतात. बाटलीत त्यातलं जवळपास काही राहत नाही. आमटी गाळली म्हणून कुणी गाळणी खात नाही.
युरोपात अंडं आणि दूध वापरून त्याचा अंश राहिला तर लेबलवर लिहावं लागतं. आयझिंग्लासला मात्र त्या नियमातून सूट आहे. म्हणजे तिथल्या साध्या बाटलीवरही सगळं कळतं असं नाही. मोझेलला खूण होती म्हणून निभावलं.
निखिल

प्रेषक: शमा
विषय: पुन्हा: पुन्हा: बाटली व्हीगन आहे का?

आमटी माशाच्या खवल्यांतून गाळली तर तुझी आजी जेवेल का? प्रश्न किती राहिलं हा नाहीच.
आयझिंग्लास म्हणजे माशाचा फुगा, हे इतरांसाठी.
शमा

प्रेषक: माधवकाका
विषय: दारूत मासो

शमा,
तुझी मेल मोठ्याने वाचली तर काकू स्वयंपाकघरातून म्हणते, "दारूत मासो खयसून इलो?" मी म्हटलं, आमच्याच समुद्रातून गेला असेल. घोळ माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, त्याला कोळी बोत म्हणतात. घोळ सापडली की पहिलं लक्ष त्या बोताकडे. काढायचं, धुवायचं, वाळवायचं. मांसापेक्षा बोताला भाव. पेपरात वाचलं असशील, २०२१ च्या ऑगस्टात पालघरजवळ मुरब्याच्या एका बोटीला दीडशेवर घोळी लागल्या आणि लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला. तो भाव बोताचा. बराचसा माल हाँगकाँगकडे सूपाला नि औषधाला जातो, पण दारू निवळायलाही तो चालतो, हे मी बोटीवर असताना ऐकलं होतं. तेव्हा थट्टा वाटली होती.
माझे मामा बोत वाळत घालायचे तेव्हा आम्हा पोरांना कावळे हाकायला बसवायचे. एकदा मांजराने पळवलं. मामा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे मांजर.. असो.
मधाची वाइन आता महाराष्ट्रात मिळते म्हणतात. तीत मासा नसणार.
माधवकाका

प्रेषक: प्राची
विषय: पुन्हा: दारूत मासो

काका, मध! माझी मुलं त्यालाही हात लावणार नाहीत.
मोझेलच्या बसचे ११ युरो अजून विनयकडून यायचेत, जाता जाता आठवण.
प्राची

प्रेषक: विनय (खजिनदार)
विषय: हिशोब

बसचे पैसे प्राचीला मिळाले आहेत, तिने आपल्या यजमानांना विचारावं.
सुहासच्या यादीत १८ बाटल्या कशाला? पिणारी २६. प्रत्येकाला एका वाइनचे ७५ मिली. म्हणजे १९५० मिली, म्हणजे २.६ बाटल्या. पाच वाइन, प्रत्येकी ३, झाल्या १५. वरच्या ३ कोणाच्या नावावर? मोझेललाही अशाच "जादा" तीन होत्या आणि त्या कुणाच्या तळघरात गेल्या हे सर्वांना ठाऊक आहे.
दुसरं. एक दिवसाचा परवाना उत्पादन शुल्क खात्यातून घ्यायचा आहे. घरगुती कार्यक्रम आहे म्हणून चालेल असं मला कुणी सांगू नये. पावतीशिवाय मी खर्च मांडणार नाही.
विनय

प्रेषक: मिलिंद
विषय: पुन्हा: हिशोब

नाशिकहून आणायचा एवढा उपद्व्याप कशाला? आपल्यातले निम्मे गोव्यात मोपा विमानतळाला उतरणार. गोव्यात बाटली स्वस्त मिळेल, प्रत्येकाने दोन घेतल्या की झालं.
मि.

प्रेषक: सुहास
विषय: पुन्हा: पुन्हा: हिशोब

मिलिंद, गोव्याच्या हद्दीवर दारू तपासणारा इन्सुलीचा नाका विसरलास का? नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात तर डिकी उघडायला लावतातच. तुझ्या दोन बाटल्यांपायी मी मावशीची गाडी नाक्यावर उभी करणार नाही.
परवान्याचा अर्ज मी देतो. भाऊ नाशिकहून कोल्हापूरमार्गे आंबोली उतरून येतोय, बिलासकट.
सुहास

प्रेषक: निखिल
विषय: कशाबरोबर काय

यादी उद्या जाणार तर माझं ऐकून घ्या, नंतर बोल लावू नका.
कापांबरोबर स्पार्कलिंग. तळणीचं तेल तिच्या आंबटपणाने आणि फेसाने कापलं जातं, इथे दुमत नसावं. अळूवडीत चिंच-गूळ आहे, तिला सोव्हिन्यों ब्लां चालेल. आंबोळीबरोबर, म्हणजे नारळाच्या रसाला, थोडा गोडवा ठेवलेली शेनिन ब्लां. नारळाचं स्निग्ध अंग आंबट वाइनला मऊ करतं. काळ्या वाटाण्याचं भाजलेलं वाटण शिराझला उचलून धरेल, फक्त मिरची आवरायला सांगा. तिखटाने तोंड पोळलं की लाल वाइन कडू आणि नुसती दारूसारखी लागते. शिरवाळ्यांना उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, उलट झालं की ती पाण्यासारखी.
आता दोन अडचणी. सोलकढी मध्येच वाढू नका. कोकमाचा आंबटपणा वाइनच्या पुढे जातो, वर लसूण. सोलकढीनंतर कुठलीही वाइन फिक्कट. आणि खतखत्यातलं तिरफळ काढा. जीभ झिणझिणल्यावर २६ जणांना मी काय चाखायला देऊ?
निखिल

प्रेषक: सुहास
विषय: पुन्हा: कशाबरोबर काय

मावशीला वाचून दाखवलं. तिरफळाशिवाय खतखतं होत नाही, तसं हवं असेल तर त्याला भाजी म्हणा, असं उत्तर आलंय. सोलकढी शेवटी देईल, पण मागेल त्याला आधीही देईल, "माणसाक तान लागली तर?"
मी तिच्या बाजूने. खतखत्याला वाइनची जोडी नको, त्या वेळी पाणी प्या.
सुहास

प्रेषक: अनघा
विषय: पुन्हा: पुन्हा: कशाबरोबर काय

सुहासशी सहमत, फक्त तिरफळापुरती. मोझेलला तरी काय होतं? भाजलेलं बीट, मसुराची पेस्ट नि अक्रोड, प्रत्येक ताटलीत तीन घास. छान होतं, नाही म्हणत नाही. पाटीच्या दगडांचा तो उभा चढ चढून गेल्यावर त्या थंड रिस्लिंगचा पहिला घोट अजून आठवतो. पण घरी येऊन मी पिठलं-भात केला होता आणि बसमधले चौघे माझ्याकडे जेवले. नावं घेत नाही.
२८ ला पोटभर वाढा.
अनघा

प्रेषक: शमा
विषय: पुन्हा: बाटली व्हीगन आहे का? (मूळ प्रश्न!)

रात्रीचे अकरा वाजले, माझ्या प्रश्नावर एकच माणूस धड बोलला आणि त्यालाही मी उलटून बोलले. निखिल, ते जाऊ दे.
मी स्वतःच वायनरींना मेल टाकलेत. भारतातलं उत्तर सकाळी येईल. सुहास, यादी दुपारपर्यंत थांबव.
शमा

प्रेषक: शमा
विषय: उत्तरं आली

सगळ्या वायनरींचं उत्तर आलं, त्यांना मनापासून दाद. स्पार्कलिंग आणि शेनिन एकाच ठिकाणची, दोन्हींना बेंटोनाइट, प्राण्यांचं काही नाही. सोव्हिन्योंवर लेबल आहेच, तरी त्यांनी लिहून दिलं. गोड वाइन नुसती निवळू देऊन गाळलेली. शिराझवाल्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, अंड्याचा पांढरा बलक.
म्हणजे शिराझ गेली.
शमा

प्रेषक: निखिल
विषय: पुन्हा: उत्तरं आली

मग काळ्या वाटाण्याला काय, शेनिन? त्या वाटणाखाली ती दिसणारही नाही. २६ पैकी १९ जण व्हीगन नाहीत, त्यांच्यासाठी शिराझ ठेवा, वेगळ्या टेबलावर. हे मी मोझेललाही म्हटलं असतं.
निखिल

प्रेषक: प्राची
विषय: पुन्हा: पुन्हा: उत्तरं आली

१९ नाही, २१. सातात माझे दोघे आहेत, ते १४ आणि ११ वर्षांचे, ते पिणाऱ्यांत कधीपासून?
वेगळं टेबल नको. वेगळ्या पंगती माझ्या आजीच्या काळात होत्या.
प्राची

प्रेषक: सुहास
विषय: शिराझ आणि बर्फ

नाशिकच्या भावाला दुकानात दुसऱ्या एकाची शिराझ मिळाली, पाठीवर व्हीगन लिहिलेली. तीन घेतल्यात. वाद बंद करा.
आता खरी अडचण ऐका. मावशीचा फ्रिज एक आणि त्यात बांगडे. खालच्या कप्प्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. २८ पर्यंत रिकामा होईल म्हणते, पण नाताळात मुंबईचा गोतावळा येतोय, मला भरवसा नाही. लाल वाइन सावलीत राहील. बाकी बारा बाटल्या गार कुठे करू?
विहीर आहे. कळशीत घालून सोडता येतील.
सुहास

प्रेषक: निखिल
विषय: पुन्हा: शिराझ आणि बर्फ

विहिरीचं पाणी कोकणात पंचवीस अंशांच्या आसपास तरी असणार. पांढऱ्या वाइनला ८ ते १० लागतं, स्पार्कलिंगला त्याहून कमी. विहिरीतून काढलेली स्पार्कलिंग उघडलीत तर अर्धी अंगणात जाईल. बर्फच हवा. पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ, अर्ध्या तासात गार.
निखिल

प्रेषक: माधवकाका
विषय: पुन्हा: पुन्हा: शिराझ आणि बर्फ

मीठ शिरोड्याचं घ्या. १९३० साली तिथे सत्याग्रह झालाय, पाच मिनिटं मिठागरही बघून या.
बर्फ बंदरावर मिळेल. लादी सांगून ठेवावी लागते, बोटी लागल्या की एक उरत नाही.
माधवकाका

प्रेषक: शमा
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: शिराझ आणि बर्फ

मासळीचा बर्फ?

प्रेषक: सुहास
विषय: बर्फ

कारखान्यातून थेट घेतो. माशाला लागायच्या आधीचा. लादी पोत्यात, पोतं नवं, तुझ्यासमोर उघडतो. बाटली बाहेरून गार होणार आहे, शमा, बर्फ ग्लासात जाणार नाही.
सुहास

प्रेषक: अनघा
विषय: २८ म्हणजे गुरुवार!

आत्ता कॅलेंडर बघितलं. मार्गशीर्षातला गुरुवार. आमच्या घरी घट असतो, मी आणि किमान चौघी दिवसभर उपाशी. संध्याकाळी पूजा झाल्याशिवाय वाइन सोडा, पाणीही नाही. हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तारीख ठरवताना मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.
अनघा

प्रेषक: विनय (खजिनदार)
विषय: पुन्हा: २८ म्हणजे गुरुवार!

परवान्याच्या अर्जावर २८ लिहून झालंय. शुल्क परत मिळत नाही.
विनय

प्रेषक: सुहास
विषय: पुन्हा: पुन्हा: २८ म्हणजे गुरुवार!

मावशीचाही गुरुवार आहे. ती म्हणते दुपारचं संध्याकाळी करू. पूजा आटोपली की साडेसातला पानं मांडू, ज्यांचा उपास आहे त्या शिरवाळ्यांपासून सुरुवात करतील. नैवेद्याचं वेगळं, त्यात तूप असेल, ते व्हीगन मंडळींना वाढणार नाही. अर्जावर वेळ मी मोकळी सोडली होती.
निखिल, गोड वाइन आधी उघडावी लागेल.

प्रेषक: निखिल
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: २८ म्हणजे गुरुवार!

गोड वाइन आधी? त्यावर सोव्हिन्यों लिंबासारखी लागेल. पण बरं. पाच जणींसाठी एक बाटली वेगळी धरा, म्हणजे बाटल्या १६. विनय, ही जादा नाही.
स्पार्कलिंग हातानेच उघडेल, बाकीच्यांना बूच असेल तर ओपनर कोण आणतंय? हातातल्या सामानात नको, विमानतळावर काढून घेतात. मोझेलचा माझा तसाच गेला.

प्रेषक: प्राची
विषय: ओपनर

मोझेलला तुझा नव्हता, माझा होता.
प्राची